ठाण्याला नेणं

आमच्या भिवंडीत ठाण्याला जाणं आणि ठाण्याला नेणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत्या. जाणारे लग्नाचा बस्ता बांधायला, चष्म्याचा नंबर काढायला, सरकारी कामाला जायचे आणि संध्याकाळी पिशव्या सांभाळत एस.टी.तून उतरायचे. नेलं जायचं ते डोकं फिरलेल्या माणसाला, कारण वेड्यांचं इस्पितळ ठाण्यात होतं. कुणाबद्दल "तिला ठाण्याला नेली" असं कानावर आलं की पुढे काही विचारायचं नसतं, हे आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी कळायचं. भांडणातही तेच हत्यार. "जा गं, तुलाच ठाण्याला न्यायला पाहिजे." मीही मैत्रिणींना असं कितीदा म्हटलं असेल. चौदाव्या वर्षी तेच वाक्य माझ्या मानगुटीवर येऊन बसलं, तेव्हा त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला काही केल्या आठवेना.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही कामतघरच्या बाजूला राहायचो. खाली पॉवरलूमचा कारखाना, वर आमच्या दोन खोल्या. बाबा तालुक्याच्या कचेरीत कारकून होते, आई घर सांभाळून ब्लाउज शिवायची. चौथी माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, लग्नानंतर चार वर्षांतच विधवा होऊन माघारी आलेली. खाली लूम चालू असले की आमची जमीन थरथरायची आणि कापसाचं बारीक तूस जिन्यावरून वर यायचं. ते भातावर बसायचं, केसांत बसायचं, देवाच्या फुलांवर बसायचं. आठवड्यात एक शुक्रवार तेवढा लूम बंद. एरवी आम्ही घरातल्या घरात ओरडून बोलायचो, आणि पाहुण्यांना वाटायचं की यांचं भांडण चाललंय.

आत्याचं सोवळं कडक होतं. तिचा तांब्या वेगळा, पाट वेगळा, दांडीवरचं वाळत घातलेलं लुगडं काठीने उतरवायचं आणि मधे कुणी शिवलं की ते पुन्हा पाण्यात. हात धुवायला बसली की उठायची नाही. आई तिला मंत्रचळी म्हणायची. अर्थात आत्या देवळात गेलेली असताना, आणि तेही हळू आवाजात. "वन्सं हात धुवायला बसल्या की नळालाच कंटाळा येतो," असं म्हणून आई हसायची, मीही हसायचे.

मी आठवीत गेले त्या वर्षी बाबांना कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून झाली असणार. पहाटे नळ यायचा तो तासभर, आणि पाणी भरायचं काम माझं. आत्याने एवढंच विचारलं, "पाणी कोण भरतं?" कोण भरतं ते तिला ठाऊक होतं. ती रागावलीही नव्हती, सहज बोलून गेली. मी हातातली कळशी खाली ठेवली आणि हात धुतले.

बाबा दीड महिन्यात बरे झाले. कचेरीत जायला लागले, पथ्याला विटून चोरून भजी खाऊन आले. मी मात्र धूतच राहिले.

कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, आठ वेळा. मधे कुणी हाक मारली, तूस उडून हातावर बसलं, खाली एखाद्या लूमचा ठेका चुकला, की पुन्हा पहिल्यापासून. नाही धुतलं तर बाबा मरतील. हे असं सरळ लिहिताना मला आजही हसू येत नाही. मी मूर्ख नव्हते, वर्गात पहिल्या पाचांत होते. हात आणि बाबांचा जीव यांचा काही संबंध नाही हे मला कळत होतं. पण कळतं पण वळत नाही म्हणतात ना, तेच माझं झालं होतं. ते कुणाला सांगायची सोयच नव्हती, कारण सांगितलं तर खरं होईल, असाही एक नियम माझ्या डोक्याने घालून ठेवला होता.

आणि घरात काय झालं? घरात माझं कौतुक झालं. "या घरात एक तरी पोर निघाली जिला सोवळं कळतं," आत्या शेजारणीला सांगायची. मी जेवणाच्या ताटाला धुतल्याशिवाय हात लावत नाही, बाहेरचं काही खात नाही, शाळेतून आल्यावर दप्तर दाराबाहेर ठेवते, याची तिला धन्यता वाटायची. आपल्या हाताने तिने मला तिच्या पाटाशेजारचा पाट दिला. कुणी मला रागावलं असतं तर कदाचित मी थांबले असते. कौतुक करणाऱ्यापुढे थांबायचं कसं?

आईला प्रश्न पडला तो पिंपाचा. दुपारी पिंप तळाला जायला लागलं. ती आधी आत्यावर संशय घेऊन गप्प बसली, मग एक दिवस तिने मला मोरीत धरलं. "किती पाणी सांडतेस गं? रॉकेल ओतलंय का अंगावर?" आई तिथेच उभी होती आणि माझी पाचवी वेळ चालू होती. ती बोलली म्हणून मला पुन्हा पहिल्यापासून धुवावं लागलं, तिच्यासमोर. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान वर केली नाही. पण तिनेही ते कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी तर खरोखरच मूठ झाकलेली असायची, कारण नववीत येईपर्यंत बोटांच्या पेरांवर भेगा पडून त्यातून रक्त यायला लागलं होतं.

शाळेत मधल्या सुट्टीत मी नळावर असायचे. घंटा व्हायची, वर्ग भरायचे, मी तिथेच. बाई मला उशिराबद्दल उभं करायच्या. वहीचं पान खराब वाटलं की मी फाडायचे, त्यामुळे सहामाहीत पेपर अर्धे कोरे गेले आणि मी पहिल्या पाचांतून पार विसाव्या नंबरावर घसरले. "अभ्यासात लक्ष नाही," असा प्रगतिपुस्तकावर शेरा आला. बाबांनी सही केली आणि एवढंच म्हणाले, "लक्ष दे." माझं तर लक्षच लक्ष होतं, चोवीस तास, आठ-आठ वेळा.

ज्या बाईने पहिल्यांदा माझे हात बघितले ती शाळेची शिपाई. आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणायचो. डोंगराकडच्या गावातली, पडघ्याला राहायची आणि रोज बसने यायची. घंटा द्यायची, संडास धुवायची, मुलींना ओरडायची. तिचा राग सगळ्यांना ठाऊक होता. एका दुपारी नळावर माझ्यामागे येऊन उभी राहिली. मला वाटलं आता धपाटा बसणार.

"काय चिकाटलंय हाताला?" तिने विचारलं.

"काही नाही."

"रोज बघते मी. काय निघत न्हाय का?"

निघत नाही, अशी मी मान हलवली. का हलवली कुणास ठाऊक.

"मंग तं हाताला न्हाय," ती म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने औषधाच्या जुन्या बाटलीतून खोबरेल आणलं. "ह्ये लाव. आन मला सांग कवा सांगावंसं वाटलं तं. पडघ्याच्या नाक्याला उतरली का पिंपळाच्या मागं माजंच घर हाय." तेल मी लावलं नाही, कारण बाटली तिने हाताळलेली होती. पण ती दप्तरात ठेवली. शिवली तरी चालेल, अशी तीच एक वस्तू माझ्या दप्तरात होती. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

त्याच हिवाळ्यात आत्या आणि मी वाल सोलत बसलो होतो. भिजवून मोड आलेले कडवे वाल, बिरड्याला लागतात ते. त्या कामाला आम्ही दोघीच, कारण आमचेच हात पुरेसे स्वच्छ. सकाळी आईने ट्रंक उपसली होती. तळाशी एक फोटो निघाला होता, त्यात आत्या, लहानगे बाबा आणि मधे एक वेणीवाली मुलगी. मी विचारलं, ही कोण?

आत्या सोलत राहिली. "माझ्या पाठची," ती म्हणाली. "तुझी मधली आत्या."

"कुठे असते?"

"फार विचार करायची. एकाच गोष्टीचा, सारखा. मग जेवेना, झोपेना. सतरावं लागलं होतं. नेली ठाण्याला."

"अशीच गेली ती?"

"अशी कशी जाईल? बांगड्या भरायला जाऊ म्हणून सांगितलं. नटून निघाली हो, नवा परकर नेसून." आत्याच्या हातातून वाल निसटून पाण्यात पडला.

"मग?"

"मग काय? नेली."

आणि ती हात धुवायला उठली. सारखा एकाच गोष्टीचा विचार. ते माझंच वर्णन होतं. त्या दिवसापासून बाबांच्या मरणाची भीती एकटी राहिली नाही, तिच्या जोडीला ठाणं आलं. मी लपवण्यात पटाईत झाले. घरात हात कमी धुवायचे आणि शाळेत दुप्पट. मोरीतून बाहेर येताना गाणं गुणगुणायचे, म्हणजे वेड्यासारखं दिसू नये. आरशात स्वतःचे डोळे तपासायचे की फिरलेले दिसतात का. आई मला बघतेय असं वाटलं की हसायचे. इतकी हसायचे की एकदा आईच घाबरली.

मार्च जवळ आला. मामेबहिणीचं लग्न ठरलं होतं. एका शनिवारी संध्याकाळी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "उद्या ठाण्याला जाऊ. तुला बांगड्या भरायच्यात."

खाली लूम धडधडत होते. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय भरायच्यात?"

"बांगड्या, बांगड्या!" आई ओरडली. "बाबाही येतायत."

बाबा बांगड्यांच्या दुकानात? आजवर कधी आले नव्हते. मी आत्याकडे पाहिलं. आत्या देवापाशी पाठमोरी बसली होती आणि तिची जपमाळ थांबली होती. झालं, मला सगळं कळलं. म्हणजे मला तसं वाटलं.

सकाळी आईने कापडी पिशवी भरली. ती पाणी प्यायला गेली तेव्हा मी आत डोकावले. आत माझा नवा परकर-पोलका घडी करून ठेवला होता. दुसरं कुणाचंच काही नव्हतं. माझेच कपडे बरोबर घेतले म्हणजे मला तिथेच ठेवणार. तरी मी वेणी घातली. रडले तर वेडी ठरणार, ओरडले तर वेडी ठरणार, म्हणून शहाण्या मुलीसारखी त्यांच्यामागून जिना उतरले. निघताना आत्या दाराशी आली होती. तिने तोंडाला पदर लावला होता.

एस.टी. स्टँडवर बाबा ठाण्याच्या रांगेत उभे राहिले. आईच्या हातात ती पिशवी. मी म्हटलं, "मी तोंड धुऊन येते." आईचा चेहरा एवढासा झाला, पण लोकांसमोर ती काय बोलणार? नळाकडे जाताना मला पडघ्याची पाटी लावलेली बस दिसली. कंडक्टर घंटी मारत होता. मी चढले. दांड्याला हात लावला, सीटला लावला, आणि बस हलली. ते हात धुवायचे राहिलेच आहेत हे मला नाशिक रस्त्याला लागल्यावर कळलं.

तो प्रवास मला आजही अंगावर काटा आणतो. शेजारी कोंबड्यांची पाटी घेतलेली बाई, बाजूने जाणारे ट्रक, आणि माझ्या डोक्यात एकच, बाबा मरणार, आत्ता मरतील, माझे हात घाण आहेत. हात मी हवेत धरले होते. कंडक्टरने "दुखतंय का काय?" असं विचारलं. शाळेसाठीचे सुटे पैसे फ्रॉकच्या खिशात होते, ते मी त्याच्या हातावर वरून टाकले.

पिंपळाच्या मागचं घर लगेच सापडलं. मावशी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. आमच्या घरात त्या वासाचं नाव काढलं तरी आत्या अंघोळ करायची. मला बघून तिने काही आश्चर्य दाखवलं नाही. त्याच हातांनी आतून जर्मनच्या पेल्यात पाणी आणून माझ्यापुढे धरलं. "पी."

मला घेता येईना. तहान लागली होती आणि हात पुढे जाईना. ती पेला धरून तशीच उभी राहिली. रागावली नाही, समजूत घातली नाही. तेव्हा मला रडू फुटलं आणि त्याबरोबर सगळं बाहेर आलं. कावीळ, आठ वेळा, बाबा मरतील, मधली आत्या, बांगड्या, पिशवीतला परकर. दीड वर्षाचं सगळं त्या ओट्यावर सांडलं. मावशी ऐकत होती. मधेच म्हणाली, "बाबा तं हाय ना जित्ता?"

"आहेत."

"हात धुतलंस का बसमदी?"

"नाही."

"मंग?"

मला उत्तर सुचेना आणि पहिल्यांदाच त्याचं बरं वाटलं. पाणी प्यायले. एक घोट, मग सगळं.

"मला यातलं काय कळत न्हाय," मावशी म्हणाली. "माज्या भावाची पोर अशीच घुमी झालेली. भगताकडं नेली, कोंबडा कापला, वरीस वाया गेलं. मंग डाक्तरला दावली. चल, तुज्या बापाला सांगू."

"ते मला ठेवतील तिथे."

"मी हाय ना संगं," ती म्हणाली, आणि सुकटीचं सूप झाकून साडीला हात पुसत उठली.

आम्ही परत भिवंडीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दुपार टळली होती. बाबा ठाण्याच्या रांगेजवळच्या बाकावर बसले होते, मांडीवर ती पिशवी. आईला त्यांनी घरी शोधायला पाठवलं होतं. मला बघून ते उठले आणि पुन्हा बसले. माझे बाबा किती म्हातारे दिसू शकतात ते मी त्या दिवशी पाहिलं. आता मार बसणार म्हणून मी डोळे मिटले. मावशीने माझी दोन्ही मनगटं धरून माझे हात त्यांच्यापुढे उघडे केले.

"साहेब, ह्ये बघा. दीड वरीस झालं, पोर रगत काढते धुवून धुवून. तुमी काय सोवळं सोवळं करताय? ह्ये सोवळं न्हाय, दुखनं हाय."

बाबांनी माझे हात हातात घेतले. भेगा बोटाने चाचपल्या. मी बाबांच्या मरणाची भीती घेऊन दीड वर्ष जगत होते आणि बाबांनी माझ्या हातांना दीड वर्षात पहिल्यांदा हात लावला होता.

"कुठे गेली होतीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मला ठाण्याला नेत होतात. बांगड्यांचं सांगून."

बाबांनी पिशवीकडे पाहिलं. "बांगड्या खरंच भरायच्या होत्या गं. रंग जुळवायला आईने परकर घेतला. मला चष्मा टाकायचा होता." मग त्यांचा आवाज फुटला. "तुला कुणी सांगितलं बांगड्यांचं? ताईने?"

मी हो म्हणून मान हलवली. मावशी जरा लांब जाऊन बाकावर बसली, पण गेली नाही. स्टँडवरच्या त्या गोंगाटात बाबांनी मला जे सांगितलं ते त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

"मधली माझंच ऐकायची. मी पंधरा वर्षांचा. म्हणून मलाच सांगायला लावलं की बांगड्या भरायला जाऊ. मी हात धरून नेली तिला. सहा महिन्यांनी तिथून कागद आला, मुलगी सुधारली आहे, न्यायला या. ताईचं लग्न ठरत होतं तेव्हा. वेडी बहीण घरात दिसली तर सोयरीक मोडेल, म्हणून तुझे आजोबा म्हणाले, लग्न होऊ दे, मग आणू. लग्न झालं. मग सण, मग पाहुणे, मग ताईचं सासर काय म्हणेल. आणायचं राहून गेलं. दुसऱ्या वर्षी तापाने गेली ती. पुन्हा एक कागद आला. तो न्यायला या असं सांगणारा नव्हता."

आत्याच्या हाताला काय चिकटलंय ते मला तेव्हा कळलं, आणि मला तिचा भयंकर राग आला, आणि तितकीच कीवही आली. दोन्ही अजून तसंच आहे.

मावशी निघताना बाबांना म्हणाली, "ठाण्याला चांगला डाक्तर असल तं दावा. दावायला न्या, ठेवायला नका नेऊ." बाबांनी तिला हात जोडले. कचेरीतल्या कारकुनाने शाळेच्या शिपाईबाईला भर स्टँडवर हात जोडलेले मी पाहिले. तीही जरा बावरली.

घरी रण माजलं. आई रडली, मला जवळ घेतलं, मग एक धपाटाही दिला. बाबांनी शुक्रवारच्या रजेचा अर्ज लिहायला घेतला. वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं, मुलीच्या औषधोपचारासाठी. आई म्हणाली, "अहो, घरगुती कारण लिहा ना. कचेरीत कळेल. पुढे पोरीचं लग्न व्हायचंय. हात दाखवून अवलक्षण कशाला?" बाबा म्हणाले, "लग्नापायी एकदा गप्प बसलो आम्ही," आणि अर्ज घडी करून खिशात ठेवला. आत्या आत होती. तिने ते ऐकलं असणार.

चार दिवस आत्या माझ्याशी बोलली नाही. शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा बाबा उंबऱ्यात थांबून मोठ्याने म्हणाले, "ताई, आम्ही ठाण्याला डॉक्टरकडे जाऊन येतो. दोघंही येतो."

डॉक्टर बाई होत्या, एका साध्या दवाखान्यात. मी दाराशी बाबांचा शर्ट घट्ट धरला होता. मागचं दार कुठे आहे ते आधी बघून ठेवलं. बाईंनी मला वेड्यासारखं काही विचारलं नाही. "किती वेळा धुतेस? मधे कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून का? आणि नाही धुतलं तर कुणाचं वाईट होईल असं वाटतं?" मला वाटलं या बाईला आमच्या मोरीतलं कसं दिसतं. मग त्या बाबांना म्हणाल्या, "याला मंत्रचळ म्हणतात. आजार आहे. या वयात पुष्कळांना सुरू होतो. मुलगी वेडी नाही, हट्टी नाही आणि हा धार्मिकपणाही नाही. ठेवून घ्यायचं काही कारण नाही. लवकर आणलीत."

मंत्रचळ. आमच्या घरात जो शब्द आई पदराआड हसून वापरायची तो या बाईंनी सरळ चिठ्ठीवर लिहिला. गोळ्या दिल्या आणि एक गृहपाठ दिला. घाण वाटते त्या वस्तूला हात लावायचा आणि दहा मिनिटं धुवायचं नाही. भीती वर चढेल, चढू द्यायची, ती आपोआप उतरते. पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं. हे काही जादूचं काम नव्हतं. नववीची परीक्षा मी रडत दिली, दहावीत जरा सावरले, बारावीला ते सगळं पुन्हा उलटून आलं, आणि आज पन्नाशीतही फार दमले की हात नळाकडे जातात. पण मला त्याचं नाव ठाऊक आहे, आणि कुणाला सांगायचं तेही.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर बाबा म्हणाले, "दहा मिनिटांचा गृहपाठ आजच करायचा?"

"कुठे?"

त्यांनी समोर बोट दाखवलं. बांगड्यांचं दुकान होतं.

बांगड्या भरणारा म्हातारा होता. त्याने माझा हात ओढून मांडीवर घेतला, भेगा बघून "अरेरे" म्हणाला, पंजा दाबला, बोटं मुडपली आणि एकेक बांगडी चढवायला लागला. त्याच्या हाताचा घाम, दिवसभरातल्या सगळ्या बायकांचे हात, सगळं माझ्या हाताला लागत होतं. माझा श्वास वर लागला. बाबा शेजारी मनगटावरचं घड्याळ बघत होते. "चार मिनिटं," ते म्हणाले. मग "सात". दहा झाली तेव्हा माझ्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि बाबा माझ्या शेजारी जिवंत उभे होते, चष्म्याशिवाय डोळे बारीक करून.

आम्ही परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शुक्रवार, खाली लूम बंद. जिना चढताना माझ्या बांगड्यांचा आवाज वरपर्यंत जात होता. आत्या जिन्याच्या तोंडाशी उभी होती. आई म्हणाली, सकाळपासून तिथेच आहेत, जेवल्याही नाहीत.

ती माझ्याकडे नाही, बाबांकडे बघत होती. एरवी लूमच्या आवाजात ऐकूच गेलं नसतं इतकं हळू तिने विचारलं, "आणलीस?"

"आणली," बाबा म्हणाले.

आत्या तिच्या सोवळ्यातल्या लुगड्यात होती आणि मी बसमधून, बाजारातून, त्या म्हाताऱ्याच्या मांडीवरून आलेली. तिने माझे दोन्ही हात बांगड्यांसकट धरले आणि तोंडावर दाबून घेतले. मग आम्ही दोघी आत गेलो, मोरीवरून पुढे गेलो, आणि हात न धुता जेवायला बसलो.